आत्याचा सव्वा महिना

बातमी आली तेव्हा लेक माझ्या पायांवर होती. न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर मी पाय लांब करून बसले होते, नडग्यांवर ती उताणी, एका हातात डाळीचं पीठ, दुसऱ्या हातानं तिची मान सावरलेली. दारात आप्पा येऊन उभे राहिले. बाळंतिणीच्या न्हाणीपाशी आमच्याकडं बाप्यामाणूस फिरकत नाही, त्यामुळं ते दिसले तेव्हाच मला काय ते कळलं. ते म्हणाले, "अक्का गेली." एवढंच म्हणाले आणि चौकट धरून तिथंच खाली बसले. आईनं लेकीला घ्यायला हात पुढं केले, पण मी दिली नाही. अर्धं न्हाणं टाकून उठायचं नसतं, हे मला शिकवलं होतं ते जी गेली तिनंच. मी लेकीला पालथी घातली, पाठीवर पाणी सोडलं, कोरडं करून गुंडाळलं, टाळूवर तेल जिरवलं... आणि मग रडले.

कौसाआत्या आप्पांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली ती काही वर्षांतच विधवा होऊन रेणापूरला माहेरी परत आली, आणि पुढचं सगळं आयुष्य तिनं गावातली लेकरं न्हाऊ घालण्यात काढलं. बाळंतीण घरी आली की पहिला निरोप आत्याला. ती यायची, पदर खोचायची, पाय पसरून बसायची आणि ते एवढंसं लेकरू तिच्या नडग्यांवर गेलं की रडायचं थांबायचं. मग धुरी. मातीच्या शेगडीत गवरीचा इस्तू, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं. खोलीची दारं-खिडक्या बंद, आणि आत्या शेगडीवर वाकून फुंकर मारतेय. तिच्या लुगड्याला कायम तो वास असायचा. रस्त्यानं ती गेली की माणसं न बघता ओळखायची की कुणाच्या तरी घरी पाळणा हललाय.

मलाही तिनंच न्हाऊ घातलं आणि माझं नावही तिनंच माझ्या कानात सांगितलं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, आज नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. शिकायला नांदेडला जायचं ठरलं तेव्हा भावकीत कुजबुज झाली, आप्पांचंही मन मागंपुढं होऊ लागलं. तेव्हा आत्या त्यांना म्हणाली होती, "दत्ता, तिला मी न्हाऊ घातलंय. तिची हाडं मला माहीत हायेत. ती मोडायची न्हाई, जाऊ दे." आप्पांनी जाऊ दिलं. माझ्या पदवीच्या मागं काय आहे असं कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगते.

मागच्या वर्षी तिला खोकला लागला, आणि मग एक दिवस तिचा चेहरा आणि मान सुजली. आम्हाला वाटलं दाढ असेल. निघाला फुप्फुसाचा कॅन्सर, आणि त्यातलाही तो धावणारा प्रकार, जो सापडतो तेव्हाच पुष्कळ पुढं गेलेला असतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, बिडी ओढता का? ती म्हणाली, "न्हाई बाबा, मी लोकांच्या लेकरांची धुरी ओढते." डॉक्टर हसले नाहीत. त्या धुरामुळंच झालं असं कुणी खात्रीनं सांगितलं नाही, होऊ शकत नाही असंही कुणी म्हणालं नाही. माझ्याकडं नांदेडला राहून तिनं केमोथेरपी घेतली. केस गेले, सूज उतरली, दोन-तीन महिने बरे गेले, आणि आजार परत आला. तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी एका वेगळ्या उपचाराचं नाव काढलं. तो हैदराबादला होत होता.

त्यासाठी आधी एक खास स्कॅन करावा लागला. या गाठींच्या पेशींवर काही जणांच्यात एक प्रकारची कुलपं असतात. त्या कुलपाची किल्ली म्हणजे एक औषध, आणि त्या औषधाला ल्युटेशियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य बांधून शिरेतून सोडतात. औषध अंगभर फिरतं, गाठ जिथं असेल तिथं जाऊन चिकटतं, आणि किरण तिथल्या तिथं, अगदी जवळून, पेशी मारतात. सगळ्यांच्या गाठींना ती कुलपं नसतात. आत्याच्या होती. स्कॅनमध्ये छातीत आणि यकृतात ती जागा दिव्यासारखी पेटलेली दिसत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या आजारात हा उपचार अजून नवा आहे, बरं करण्याचं वचन नाही, वेळ मिळू शकतो. मी घरी आल्यावर आत्याला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी औषध माग काढीत जातंय म्हण की." इतकी वर्षं शिकवते आहे, पण याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

त्या दिवशी आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मला तेव्हा सहावा महिना सुरू होता. तिनं विचारलं, ते किरणाचं औषध अंगात किती दिस राहतं? मी शिक्षिका. मी समोरचा दाण्यांचा ढीग हातानं निम्मा केला. म्हणाले, सहा-सात दिवसांत असं निम्मं होतं. मग आणखी तेवढ्या दिवसांत निम्म्याचं निम्मं. मग त्याचंही निम्मं. असं करत करत ताटात एकच दाणा उरला. आत्यानं तो उचलला, नखानं त्याच्या दोन डाळी केल्या, एक बाजूला ठेवली आणि उरलेली माझ्यासमोर धरली.

"आता?"

"आता ह्याचं निम्मं."

"मंग सरतं कवा, माय?"

मी म्हणाले, हिशोबानं बघितलं तर पुरतं सरत नाही, पण इतकं कमी उरतं की ते असून नसल्यासारखंच. शिवाय बरंचसं लघवीवाटे पहिल्या दोन दिवसांतच जातं. तिनं ती डाळ तोंडात टाकली आणि चावत म्हणाली, "असं सरतं बग." आम्ही दोघी हसलो. मला वाटलं विषय संपला.

दसऱ्याच्या सुमाराला आप्पा तिला हैदराबादला घेऊन गेले. मला गरोदरपणात तिच्या जवळपास थांबायची मनाई होती, म्हणून तिथलं सगळं मी तिच्याच तोंडून फोनवर ऐकलं. औषध शिशाच्या डब्यात घालून, गाड्यावर ठेवून आणलं. शिरेत सुई लावून दिली की माणसं मागं सरली. मूत्रपिंडाला धक्का लागू नये म्हणून एक सलाईन दिलं, त्यानं तिला फार मळमळलं. जाड भिंतींच्या खोलीत ती एकटी होती. संडासात दोनदा पाणी ओतायचं, ताट वेगळं, कपडे वेगळे. एकजण दारातून एक डबडं तिच्यावर रोखायचा आणि आकडा वाचायचा. आकडा उतरला की घरी सोडणार. "समदे मला अम्मा अम्मा म्हणायचे," ती म्हणाली, "आन लांबून जेवण सरकवायचे. ह्या वयात मला परत कावळा शिवला बग." तरुणपणी महिन्याच्या महिन्याला बाहेर बसलेल्या बाईला त्या खोलीत नवं काहीच वाटलं नसावं. आप्पांना मात्र फार लागलं. बहिणीला काचेतून बघायचं म्हणजे काय, असं ते मला म्हणाले.

सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सूचना दिल्या. थोडे दिवस वेगळं झोपा, गरोदर बाई आणि लहान लेकरापासून दोन आठवडे लांब राहा. आप्पांनी परत येताच घरी ते जसंच्या तसं सांगितलं. आत्यानं ते ऐकून घेतलं आणि आपलं गाठोडं उचलून शेतातल्या आखाड्यावर राहायला गेली. आखाडा म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला लिंबाचं झाड. गावापासून फार लांब नाही. आप्पा डबा नेऊन द्यायचे. दोन आठवडे झाले तशी आई तिला आणायला गेली, तर आत्या म्हणाली, "सव्वा महिना झाल्याबिगर मी यायची न्हाई."

बाळंतिणीचा सव्वा महिना सगळ्यांना माहीत आहे. आत्याची अख्खी हयात तर त्याच हिशोबात गेली. अंगातलं जे काही बाहेर पडायचं ते सव्वा महिन्यात पडतं, माणूस परत माणसात येतो, देवाला जातो, विहिरीला जातो. डॉक्टरांचे दोन आठवडे तिनं आपल्या मापानं मोजले आणि ते तिला कमी भरले. गंमत म्हणजे गावानंही ते लगेच मानलं. ल्युटेशियम कुणाला समजलं नव्हतं, सव्वा महिना सगळ्यांना समजला. कौसाबाई किरणाचा सव्वा महिना पाळतेय, असं बायका अगदी सहज बोलू लागल्या. ना कुणी टाळलं, ना कुणी हसलं. मला फोनवर हे ऐकून थोडा राग आला होता, थोडं हसूही. मी म्हटलं, राहू दे, हवा चांगली आहे तिकडं.

आणि औषधानं गुण दिला होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. नवव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला मी रेणापूरला माहेरी आले. त्याच आठवड्यात आत्याचा सव्वा महिना भरला आणि ती घरी आली. चेहऱ्यावरची, मानेवरची सूज गेलेली, उशांचा ढीग न लावता आडवी झोपू शकत होती. केस बोटभर आले होते, पांढरे आणि मऊ. ती म्हणायची, मला आता जावळ आलंय. तिनं माझ्या पोटऱ्यांना तेल लावलं, पोटावर दोन्ही तळवे ठेवून डोळे मिटले आणि म्हणाली की पोरगी आहे आणि आडमुठी आहे. माळ्यावरची शेगडी तिनं खाली काढायला लावली, तिला माती लावून वाळवली. ओवा निवडला. आईला सांगून ठेवलं की पहिलं न्हाणं ती घालणार, कुणी मधे हात घालायचा नाही. आई म्हणाली, आहो वन्सं, मी का परकी आहे का? आत्या म्हणाली, "परकी न्हाईस, पर तू लेकराला भांड्यावानी धुतीस. हिला मी वाचवलं तुझ्या हातून." आई अजूनही हे सांगताना हसते... आणि मग तोंडाला पदर लावते.

दुसऱ्या डोसची तारीख माझ्या बाळंतपणाच्या तोंडावर आली. आत्यानं हैदराबादला फोन लावायला सांगितला आणि स्वतः विचारलं की थोडं पुढं ढकलता येईल का, घरात लेकरू यायचंय. डॉक्टर म्हणाले, काही दिवस ढकलता येईल, पण हा आजार थांबत नाही, माझं मत विचाराल तर वेळेवर या. फोन ठेवून ती बराच वेळ ओसरीवर बसली. मग ती म्हणाली, "जाते. जगले तर हिलाबी न्हाऊ घालीन, हिच्या पाठच्यालाबी घालीन." जायच्या दिवशी ती उंबऱ्यापर्यंत गेली, परत फिरली, माझ्या पोटावर पुन्हा दोन्ही हात ठेवले. तिचे हात माझ्या अंगाला लागले ते तेव्हा शेवटचे.

ती हैदराबादहून थेट आखाड्यावर गेली. आठवड्याभरात लातूरच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. आप्पांनी मोबाइलवरचा फोटो आखाड्यावर नेऊन दाखवला, तर तिनं मोबाइलही हातात घेतला नाही, लांबूनच वर धरायला सांगितला. मी घरी आले आणि माझाही सव्वा महिना सुरू झाला. घरात बंद खोलीत मी, शेतात पत्र्याच्या खोलीत ती, एकाच वेळी दोघी आपापल्या जागी बसलेल्या. मधे आप्पा डबे घेऊन फिरत होते.

तिच्या डोसला दोन आठवडे झाले त्या दिवशी मी तिला फोन केला. म्हटलं, आत्या, आता ये. ती म्हणाली, सव्वा महिना. मग मी हैदराबादच्या डॉक्टरांना फोन जोडला आणि तिला ऐकवलं. ते भले गृहस्थ. ते हिंदीतून म्हणाले, अम्मा, आता तुम्ही बाळाला घेऊ शकता, काही भीती नाही. आत्यानं त्यांना 'जी साहेब' म्हटलं. त्यांचा फोन बंद झाल्यावर मला म्हणाली, "त्यांच्या डबड्याचं बरोबर असंल. माझ्या हाताचं मला माहीत हाय." मी चिडले. तू मला खुळी समजतेस का, मी काय शिकलेय ते तुला माहीत आहे ना, असं बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकलेली नव्हती. आप्पांनाही ठाऊक नव्हती.

नवरा वारला तेव्हा ती सासरी होती, विशीत. सुतक सुरू होतं. शेजारी एक सून बाळंत झाली, घरात दुसरी बाई नाही, लेकरू अशक्त. त्यांनी गळ घातली की कौसा, तुझा हात हलका आहे, सुतकाचं आम्ही बघून घेऊ, तू ये. ती गेली. चार-दोन दिवस तिनं त्याला न्हाऊ घातलं. बारशाच्या आधीच ते लेकरू गेलं. पिवळं पडत गेलं, असं ती म्हणाली. मी फोनवर लगेच म्हणाले की अगं ती कावीळ असेल, जंतुसंसर्ग असेल, सुतकाचा काय संबंध. ती म्हणाली, "मी हात लावला नसता तर ते जगलं असतं का, मला माहीत न्हाई. पर हात लावला व्हता, येवढं मला माहीत हाय."

आणि मग तिनं मला विचारलं. "मने, तू शिकलेली हायेस. खरं सांग. माझ्या अंगातलं ते समदं सरलंय का? शंभर टक्के?"

मी म्हणाले, शंभर टक्के असं काही नसतं, आत्या.

हे मी आजही तसंच सांगेन. वर्गात सांगते तेच तिला सांगितलं. जे उरलं होतं त्यानं माझ्या लेकीला काही होणार नव्हतं, हेही मी लगेच सांगितलं, दोनदा सांगितलं. पण तिनं पहिल्या वाक्यापाशीच फोन कानापासून लांब धरला असावा. मला अजून तो फोन ऐकू येतो. शेतातला वारा, लांब कुणाची तरी मोटर... आणि तिचं "बरं" असं एक बारीकसं उत्तर.

येळवस आली. आमच्या लातूरकडं या अमावस्येला गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, घालायची, पूजा करायची, आंबील आणि भाज्या-दाण्यांची भज्जी घेऊन दिवसभर रानात बसायचं. बाळंतिणीनं अर्थातच घरी राहायचं असतं. मी आईला म्हणाले, मी लेकीला घेऊन आखाड्यावर जाणार. आई नको म्हणत होती, आप्पांनी मात्र गाडी दारात आणली, मग आईही येऊन बसली.

आत्या अंगणाच्या पलीकडं लिंबाखाली उभी होती. मी गाडीतून उतरले तशी तिनं हात वर करून थांबवलं. ती पुन्हा वाळली होती. चेहऱ्यावर परत थोडी सूज दिसत होती, बोलताना मधेच थांबून दम घेत होती. मी लेकीचं तोंड तिच्याकडं केलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, थंडी नाही, ऊन चांगलंय, हिथंच न्हाऊ घाल. आई पुढं झाली तर तिला म्हणाली, "तू न्हाई. तिला घालू दे. तिला यायला पायजे."

चुलीवर पाणी तापवलं. मी अंगणात पाटावर बसले, पाय तिच्या दिशेनं लांब केले आणि लेकीला नडग्यांवर घेतलं. मला काहीच येत नव्हतं. शिकलेल्या हातांना ते एवढंसं अंग निसटतं वाटत होतं. पलीकडून आत्याचा आवाज येत होता. तेल आधी तळहाताला चोळ, थंड लावू नको. छातीवर असं, बाहेरच्या अंगाला. उजवा हात डाव्या पायाला भिडव, भिऊ नको, मोडत न्हाई ती. नाक चिमटीत धरून वर ओढ, तुझ्यावानी बसकं राहील न्हाईतर. सगळे हसले, मीही. मी मान वर करून बघितलं तर तिचे दोन्ही हात हवेत चालले होते. पुढं काही नाही, नुसती हवा, आणि त्या हवेवर ती तेल चोळत होती, मान सावरत होती, पाणी सोडत होती. तिला स्वतःला ते कळत नसावं. पोट झाल्यावर मी थांबले, पुढं काय ते मला माहीत नव्हतं. तिनं दम घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "आता पालथी घाल."

निघताना मी म्हणाले, आत्या, एकदा घे. डॉक्टर हो म्हणालेत, मी हो म्हणतेय, तुझा सव्वा महिना तरी कुठं लांब आहे आता? ती म्हणाली, "लांब न्हाई म्हून तर. येवढं काढलं, आता थोड्यासाठी कशाला?"

त्यानंतर आठवडाभरात ती गेली. सकाळी आप्पा डबा घेऊन गेले तेव्हा ती लिंबाखालच्या बाजेवर होती. तिचा सव्वा महिना भरायला थोडे दिवस राहिले होते. किती ते मला नेमकं माहीत आहे, पण इथं लिहीत नाही.

तिला घरी आणलं. माझी खोली बंद केली होती, ओल्या बाळंतिणीनं आणि लेकरानं मढ्याच्या समोर यायचं नसतं. मी आत लेकीला घेऊन बसले होते. बाहेर अंगणात बायका जमल्या होत्या, आवाजावरून एकेक ओळखू येत होती. त्यातल्या बहुतेकींची लेकरं आत्याच्या पायांवर न्हाली होती, काही तर स्वतः न्हाल्या होत्या. पाणी तापलं, ते ठेवल्याचा आवाज आला, आणि मग सगळं थांबलं. कुणीच पुढं होईना. कुजबुज ऐकू आली. मग आई माझ्या दाराशी आली आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "मने, बाया इचारतेत. तिचा सव्वा महिना झाला न्हाई म्हणतेत. हात लावावा का?"

मी म्हणाले, "लावा. समद्यांनी लावा."

माझा आवाज जरा मोठा निघाला असावा, कारण लेक दचकून जागी झाली. आणि मग पाण्याचा आवाज सुरू झाला. तांब्यावर तांब्या. भिंतीपलीकडं त्या तिला न्हाऊ घालत होत्या आणि मी आत डोळे मिटून ऐकत होते. आता डोक्यावरून. आता हातांवर. त्या हातांवर बराच वेळ पाणी पडत राहिलं...

आता मी नांदेडला परत आलेय. आत्याची शेगडी आणली नाही. लेकीला धुरी द्यायची नाही असं मी ठरवलंय, आणि आत्या असती तर यावरून भांडण झालं असतं हेही मला माहीत आहे. पण न्हाणं मीच घालते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाथरूमचं दार लाव, वारं लागेल. मला लावता येत नाही. दार उघडं ठेवून, पाय दाराकडं लांब करून बसते. समोर स्वयंपाकघर, त्याच्यापुढं बाल्कनी. जिथं ती उभी राहिली असती साधारण तेवढ्याच अंतरावर बाल्कनीचा कठडा येतो. मी काही तिकडं बघत नाही. माझं लक्ष लेकीकडं असतं. तेल आधी तळहाताला चोळते. छातीवरून बाहेरच्या अंगाला. उजवा हात डाव्या पायाला. नाक वर ओढते. पोट झालं की माझा हात आपोआप थांबतो. लेकीलाही ते आता माहीत झालंय, तिथं आलं की तीही हातपाय झाडायची थांबते आणि माझ्याकडं नाही, समोरही नाही, अशी कुठंतरी वर बघत शांत पडून राहते. सासूबाई म्हणतात, अगं पाणी निवतंय, कशाची वाट बघतेस. मी तिच्या पाठीखाली हात सरकवून तशीच थांबते. दम घ्यायला एखाद्या माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.

मग पालथी घालते.